टोचून पाहिलेलं नाक

माझ्या रागाचं आणि रक्ताचं दुखणं एकच. एकदा सुरू झालं की थांबायचं नाव घेत नाही. राग निदान तांब्याभर पाणी प्यायल्यावर उतरतो. रक्ताचं तसं नाही, हे मला बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडताना कळलं.

आमचं गाव निलंग्याहून थोडं आत, कर्नाटकाच्या बाजूला. अप्पांचं किराणा दुकान होतं. कपाळाला भस्म लावून ते गल्ल्यावर बसायचे, लोक त्यांना शेटजी म्हणायचे आणि ते त्यांना मनापासून आवडायचं. त्या वर्षी दुकानात तराजू राहिला आणि मापायला काही राहिलं नाही. मग शेटजींची बायको आणि शेटजींची पोरं सगळ्या गावाबरोबर दुष्काळी कामावर गेली. अप्पा आले नाहीत. ते रिकाम्या दुकानात बसून रस्त्याकडे बघत राहिले. आमच्यात आईला अव्वा म्हणतात. ती कधी उंबऱ्याबाहेर विनाकारण न गेलेली बाई. पण पदर डोक्याला घट्ट बांधून तिनं हातोडी घेतली आणि पहिल्याच दिवशी दोन बोटं ठेचून घेतली. तिची बोटं काळीनिळी झाली आणि बरीही झाली.

मी तेव्हा चौथी-पाचवीत असेन. दगडाची एक कपची उडून माझ्या नडगीला लागली. जखम एवढीशी. मुकादमानं तिच्यावर चिमूटभर माती टाकली आणि म्हणाला, "कायबी न्हाई झालं, फोड." मी फोडत राहिलो. कामावरच्या लोकांना खायला सुकडी वाटायची वेळ झाली तेव्हा माझ्या पायाखालची खडी लाल झालेली होती. अव्वानं हळद भरली, चुना भरला, कोणीतरी कोळ्याचं जाळं आणून चिकटवलं. रक्त जरा दम खायचं आणि परत यायचं. दुसऱ्या दिवशीही तेच. अव्वा माझा पाय मांडीवर घेऊन बसली होती. ती रडत नव्हती. तिचा चेहरा एखादी ओळखीची गोष्ट परत दिसल्यासारखा झाला होता.

ओळखीचीच गोष्ट होती ती. तिचा सख्खा भाऊ, माझा मामा, तरणाताठा असताना निलंग्याच्या बाजारात दात काढायला बसला. दात निघाला, रक्त थांबलं नाही, आणि मामा गेला. मी त्याला पाहिलेलंही नाही. पण माझ्या नडगीची बातमी गावात पोचल्याबरोबर आमच्या भावकीनं निकाल लावून टाकला की पोरगं मामाच्या वळणावर गेलंय. चुलती अव्वाच्या तोंडावर म्हणाली, "तुमच्या माहेरचं हाय हे खूळ. आमच्या घरात असलं कधी नव्हतं." अव्वा म्हणाली, "माझ्यात काय हाय? माझं रक्त तर थांबतंय की." आणि तिनं ठेचलेली बोटं पुढे केली. चुलती ती बोटं बघून घरी गेली. अव्वाला स्वतःलाही ते उत्तर पटलं. पुढची कित्येक वर्षं आमचं सगळं घर त्या उत्तराच्या आधारानं चाललं.

मी वाढलो तो असा. खेळायचं नाही, झाडावर चढायचं नाही, विळीला हात लावायचा नाही. मला खजूर, गूळ, नाचणी, कारण रक्त पातळ आहे, ते दाट व्हायला पाहिजे. रक्त काही दाट झालं नाही. बाहेर आलं नाही तर ते आतल्या आत गुडघ्यात साठायचं. गुडघा दुधी भोपळ्याएवढा व्हायचा आणि मी भिंतीकडे तोंड करून सगळ्या जगाला शिव्या द्यायचो. पुढे उजवा गुडघा वाकायचाच बंद झाला. धाकट्या बहिणीला मात्र काहीच नव्हतं. ती पडायची, खरचटून घ्यायची, काटे मोडून घ्यायची आणि फ्रॉकला पुसून परत पळायची. मी तिच्याकडे बघून जळायचो. खरंच जळायचो, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

ती लग्नाची झाली आणि मुदखेडहून स्थळ आलं. मुलगा रेल्वेत होता, आमच्यातलाच, लिंगायत. मुदखेड म्हणजे जंक्शन, रेल्वेतला जावई म्हणजे आमच्या गावाला केवढं कौतुक. मुलाची आई बघायला आली. ती बसली, पोहे खाल्ले आणि माझ्या पायाकडे बघत विचारलं, "पोराच्या पायाला काय झालंय?"

"दुष्काळात कामावर दगड लागला," अव्वा म्हणाली. हे खोटं नव्हतं.

मुदखेडच्या बाई चांगल्या होत्या हे मला आता कळतं, पण त्या भोळ्या नव्हत्या. कोणाकडून तरी त्यांनी सगळं ऐकूनच ठेवलं होतं. त्या म्हणाल्या, "आमच्यात सुपारी फुटायच्या आधी मुलीचं नाक सासरचं माणूस टोचून घेतंय. चमकी आमची. सोनाराला बोलवा."

असा रिवाज आम्ही कधी ऐकला नव्हता. पण नाही म्हणायची सोय नव्हती आणि कशासाठी चाललंय हे कोणाला विचारायचीही गरज नव्हती. गल्लीतला म्हातारा सोनार आला. धाकटी पाटावर बसली. सोनारानं तार पुसली आणि नाकपुडीतून आरपार घातली. धाकटीच्या डोळ्यांतून पाणी आलं, नाकातून रक्ताचे दोन थेंब आले. आणि आम्ही सगळे, मुलाची आई, अव्वा, अप्पा, चुलती, मी, सोनारसुद्धा, श्वास धरून तिच्या नाकाकडे बघत राहिलो. दोन थेंबांनंतर तिसरा आला नाही.

"थांबलं," अव्वा म्हणाली.

मुदखेडच्या बाईंनी रुमालाची गाठ सोडून चमकी काढली आणि सोनाराच्या हातात दिली. "मुलगी निर्मळ हाय," त्या म्हणाल्या. अव्वा आत गेली आणि पिठाच्या डब्यावर डोकं टेकून रडली. मी दोनदा शिरा मागून घेतला. त्या दिवशी आमच्या घरात सगळ्यांना एकाच गोष्टीचं समाधान झालं होतं आणि ती गोष्ट साफ चुकीची होती. तेव्हा ते सांगणारं तिथं कोणी नव्हतं.

लग्न झालं. त्यानंतर वर्षाच्या आत अप्पा गेले, दुकान बंद झालं. मला टायपिंग येत होतं. न वाकणारा गुडघा टेबलाखाली सरळ सोडून करता येईल असं ते एकच काम मला सापडलं होतं. तेवढ्यात लातूर जिल्हा झाला. लातूरच्या लोकांनी गुलाल उधळला, फटाके वाजवले. मी गर्दीच्या धक्क्याला भिऊन एका ओट्यावर उभा राहून बघत होतो. उस्मानाबादहून टेबलं, कपाटं आणि फायलींची गाठोडी ट्रकमधून येत होती. भाड्याच्या घरांत कचेऱ्या बसत होत्या. एका कचेरीत तर मोरीच्या जागेत आवक-जावक बसवलं होतं. अशाच एका कचेरीत मला टंकलेखकाची हंगामी जागा मिळाली. अव्वाला घेऊन मी लातुरात एक खोली केली. पाऊस पुन्हा रुसला होता. नव्या जिल्ह्याला पाट्या मिळाल्या, पाणी मिळालं नव्हतं. नळाला रांगा, टँकरला रांगा. मी रांगेत उभा राहू शकत नव्हतो म्हणून अव्वाच घागर घेऊन उभी राहायची, आणि त्यावरूनही मी तिच्यावरच चिडायचो.

असाच एकदा गुडघा सुजला आणि साहेबांनी मला गाडीत घालून दवाखान्यात पाठवलं. तिथं एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं गुडघ्याकडे नुसतं बघितलं नाही, माझ्याकडे बघून विचारलं, "आईला भाऊ होता का?"

एवढ्या वर्षांत कोणा डॉक्टरनं मला हे विचारलं नव्हतं. मी मामाच्या दाताची गोष्ट सांगितली. तिनं रक्त घेतलं, एक नळी मोठ्या शहरात पाठवली. काही आठवड्यांनी उत्तर आलं आणि माझ्या दुखण्याला नाव मिळालं, हिमोफिलिया. नाव ऐकून मला बरंच वाटलं. एवढी वर्षं ज्याला शिव्या देत होतो त्याला निदान नाव तरी होतं.

मग तिनं समजावून सांगितलं. रक्त गोठवण्याचा हुकूम ज्या एक्स गुणसूत्रावर लिहिलेला असतो, ते बाईकडे दोन असतात, पुरुषाकडे एकच. बाईचं एक बिघडलं तरी दुसरं काम भागवतं. पुरुषाचं एकमेव तेच बिघडलेलं निघालं की भागवायला कोणी नसतं. म्हणून बाईमध्ये बहुतेक वेळा काही दिसत नाही, पण तिच्या मुलग्यांपैकी कोणाला ते येऊ शकतं आणि मुलींपैकी कोणाच्या अंगात ते गुपचूप पुढे जाऊ शकतं.

"म्हणजे मला मुलगा झाला तर त्याला हे होईल?" मी विचारलं. त्याच धास्तीनं मला कोणी मुलगी देत नव्हतं.

"तुमच्याकडून तुमच्या मुलाला हे जात नाही. मुलगा तुमच्याकडून एक्स घेतच नाही. मुलगी मात्र घेते. तुमच्या प्रत्येक मुलीत ते असेल."

मी हसलो. माझ्या मुलग्यांच्या भीतीनं लोकांनी मला टाळलं होतं, तेही उलटंच निघालं.

"बहीण आहे?" तिनं विचारलं.

"आहे. पण तिला काही नाही. तिचं आम्ही नाक टोचून बघितलंय."

डॉक्टरणीनं पेन खाली ठेवलं. "तसं कळत नाही हो," ती म्हणाली. "तिचं रक्त थांबणारच. प्रश्न तिच्या रक्ताचा नाही. तिच्यात ते असेल किंवा नसेल, शक्यता निम्मी निम्मी. असेल, तर तिच्या प्रत्येक मुलग्याला होण्याची शक्यता परत निम्मी."

धाकटी तेव्हा आमच्याच खोलीत होती. पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून मुदखेडहून आली होती. सातवा सरला होता. मी रिक्षातून उतरलो तेव्हा ती दारात तांदूळ निवडत बसली होती आणि तिच्या नाकात ती चमकी होती.

मी अव्वाला गल्लीच्या तोंडाशी एकटीला गाठलं. ती नळाच्या रांगेतून आली होती. मी तिला दोन दोरांची गोष्ट सांगितली, कारण गुणसूत्र म्हणून तिला काय कळणार होतं. म्हणालो, बाईच्या विहिरीवर दोन दोर असतात, एक कुजला तरी दुसऱ्यानं घागर वर येते. आम्हा पुरुषांच्या विहिरीवर एकच दोर. तो कुजका आला की घागर गेली तळाला.

अव्वानं घागरीच्या गळ्यावरून हात फिरवला. "म्हंजे माझ्या भावाला माझ्या आईकडून," ती म्हणाली, "आन् तुला माझ्याकडून."

"तुझा काय दोष आहे त्यात?"

"दोष न्हाई म्हण. पण आलं माझ्याकडूनच की रे. मी जिंदगीभर बोटं दाखवत राहिले लोकांना." मग ती एकदम खालच्या आवाजात म्हणाली, "धाकटीला सांगू नको. पोटुशी बाईला असलं सांगत न्हाईत. आन् मुदखेडला तर वारासुदीक लागू देऊ नको. नाक टोचून घेतलंय त्यांनी. फसवलं म्हणतील. टाकून देतील तिला."

मी चिडलो, ओरडलो, आणि मग गप्प बसलो. अव्वाचं चुकत नव्हतं. आणि बोलून काय होणार होतं? मुलगी झाली तर विषयच पुढे ढकलला जाणार होता.

मुलगा झाला. गोरापान, डोक्यावर दाट काळं जावळ. अव्वानं साखर वाटली आणि मी रोज सकाळी पोराला दाराच्या उजेडात धरून इंच इंच तपासायचो. धाकटी हसायची. "काय बघून राहिला रे अण्णा? मामावर गेलंय का बघतोस?" ती गमतीनं म्हणायची आणि मी पोराला तिच्या मांडीवर देऊन टाकायचो. पोराच्या अंगावर काही दिसलं नाही. ते निजून दूध प्यायचं, कुठे आपटायचं नाही, त्याला काय होणार होतं! चार महिन्यांचं करून ती मुदखेडला गेली. मी तिला गाडीत बसवून आलो आणि निम्म्या निम्म्याचा हिशेब मनात घोळवत बसलो.

पोरगं रांगायला लागल्यावर मुदखेडहून निरोप आला. जावळ काढायचंय, मामाला घेऊन या. जावळ मामाच्या मांडीवर बसवून काढतात, मामा पहिली बट कात्रीनं कापतो आणि मग न्हावी वस्तऱ्यानं डोकं कोरं करतो. वस्तरा या शब्दानं माझी झोप उडाली. एवढी मऊ टाळू, एवढं हलणारं पोर. जरासं कापतंच, सगळ्यांच्याच पोरांचं कापतं, आणि कोणी लक्षही देत नाही.

अव्वा आणि मी नांदेडच्या एसटीत बसलो. अहमदपूर आलं तेव्हा मी म्हणालो, "मी सांगणारे त्यांना."

"सांग," ती म्हणाली. "मग तिला संगंच घेऊन चल. तिकीट काढून ठेव तिचं."

शेवटी नांदेडात उतरता उतरता मी एक लबाडी रचली. नवस बोललोय म्हणून सांगायचं. वस्तरा लावायचा नाही, कात्रीनंच जावळ काढायचं.

मुदखेडच्या घरी अंगणात लिंबाखाली पाट मांडला होता. माणसं बेताची होती, शेजारपाजारच्या बाया, दोन-चार रेल्वेतली मंडळी. दाजी, म्हणजे बहिणीचा नवरा, पाणी देत फिरत होते. बहिणीनं पोराला बाहेर आणलं. उन्हाळ्याचे दिवस, अंगाची लाही होत होती, आणि पोराच्या अंगात लांब बाह्यांचं, गळ्यापर्यंत बंद झबलं, पायांत विजार. मला वाटलं, दृष्ट लागू नये म्हणून असेल. मी पाटावर बसलो, एक पाय लाकडासारखा पुढे पसरलेला. बाया पदराआड हसल्या. हसू देत. पोरगं माझ्या मांडीवर आलं, माझ्या शर्टाची गुंडी तोंडात घातली.

मी पहिली बट कापली. न्हाव्यानं डोकं भिजवलं आणि चामड्यावर वस्तरा दोनदा फिरवला.

"वस्तरा नको," मी म्हणालो. "मी नवस बोललोय. कात्रीनंच काढायचं."

बहिणीच्या सासूबाई समोरच उभ्या होत्या. "कोणत्या देवाला?"

"आमच्या गावच्या महादेवाला."

"महादेवाला कात्रीचा नवस? आम्हीबी महादेवाचेच हाव की. असला नवस पहिल्यांदाच ऐकून राहिले." बाया पुन्हा हसल्या.

"त्याचा न्हाई, माझा नवस हाय," अव्वा म्हणाली. जिला भावकीसमोर कधी आवाज चढवता आला नाही, ती महादेवाच्या नावानं भरअंगणात खोटं बोलली आणि तिची पापणी हलली नाही.

"नवस तुमचा, बाई. जावळ आमच्या घरचं हाय." सासूबाई न्हाव्याकडे वळल्या. "चालू द्या."

न्हाव्यानं पोराच्या कपाळावर अंगठा ठेवला आणि वस्तरा आणला. मला काही सुचलं नाही. मी पोराचं डोकं तळव्यानं झाकलं. न्हावी दचकून मागे सरकला, पण पातं माझ्या बोटाला लागलं होतं. खोल नव्हतं. तुम्ही चोखून विसरून गेला असता, एवढंच. रक्त बोटावरून पोराच्या पांढऱ्या झबल्यावर पडलं. अव्वानं पदर दाबला. पदर भिजला. दाजींनी रुमाल दिला. तोही भिजायला लागला. हळूहळू अंगणातलं हसणं बंद झालं. सासूबाई त्या रुमालाकडे बघत होत्या, कधीकाळी आमच्या घरात धाकटीच्या नाकाकडे बघत होत्या तशाच.

"नाक तर थांबलं होतं," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

तेव्हा धाकटी पुढे आली. तिनं माझ्या मांडीवरचं पोर घेतलं नाही. तिथंच वाकून तिनं त्याचं झबलं वर केलं आणि डोक्यावरून काढलं. पोराच्या दोन्ही काखांखाली, बरगड्यांवर, जिथं जिथं आपण मूल उचलताना धरतो तिथं तिथं, निळे-काळे डाग होते. बोटांच्या आकाराचे. काही नवे, काही पिवळे पडलेले.

"बगा," ती म्हणाली. "कोणी मारलं न्हाई. उचललं तरी उठतात. रांगाया लागल्यापासून मी झाकून राहिले. माझं नाक टोचलं, माझं रक्त थांबलं. अव्वाचंबी थांबतंय. पण मामा गेला, अण्णा असा झाला, आन् हे असं. आमच्यात ते झाकून बसतंय आत्याबाई, पोरांत उघडं पडतंय."

मला डॉक्टरणीकडून जे कळलं ते तिला पोराला उचलता उचलता कळलं होतं. आम्ही तिच्यापासून लपवत होतो आणि ती आमच्यापासून. तिनं एवढे महिने हे एकटीनं सोसलं याचं मला इतकं वाईट वाटलं की बोटाचं भानच राहिलं नाही.

मग तिनं नाकातली चमकी फिरवून काढली आणि सासूच्या हातावर ठेवली. "हिच्या भरवशावर केलं होतं ना मला? घ्या."

सासूबाईंची मूठ मिटली नाही. चमकी उघड्या तळहातावर घेऊन त्या तशाच उभ्या राहिल्या. न्हाव्यानं वस्तरा घडी करून पेटीत टाकला आणि न सांगता कात्री काढली. जावळ कात्रीनंच झालं. कोणी गाणं म्हटलं नाही.

बहिणीला कोणी जा म्हणालं नाही आणि कोणी राहा म्हणालं नाही. तिनं पिशवी भरली. दाजी ती पिशवी घेऊन स्टेशनपर्यंत आले, गाडी हलेपर्यंत थांबले, आणि काहीही बोलले नाहीत. मला त्यांचा एवढा राग आला की बोट बांधलेला हात मी खिडकीवर आपटणार होतो. अव्वानं तो धरला.

लातूरच्या खोलीत आम्ही चौघं झालो. डॉक्टरणीनं पोराचं रक्त तपासून घेतलं. उत्तर आम्हाला माहीतच होतं. तिनं शिकवलं ते आम्ही शिकलो. उचलताना काखेत हात घालायचा नाही, खालून तळव्यांवर घ्यायचं. विजारीच्या गुडघ्यांत कापसाची गादी शिवायची. सूज दिसली की थंड लावायचं, घट्ट बांधायचं, हलू द्यायचं नाही, आणि लगेच दवाखाना. बर्फासाठी मी कोपऱ्यावरच्या रसवंतीवाल्याशी ओळख केली. तो आधी कुरकुरला, मग पोराला बघून गेल्यावर भुशातला लादीचा तुकडा आमच्यासाठी बाजूला ठेवायला लागला. कधी बर्फ मिळायचा नाही, कधी दवाखान्यात चढवायला रक्त मिळायचं नाही. पोरगं एकदा जीभ चावून घेऊन आम्हाला पार रडवून गेलं. दरवेळी वाटायचं, हे आता मामाच्या मामाकडे जाणार. शेजारणी विचारायच्या, बाई, सासरी कधी जाणार? धाकटी म्हणायची, उन्हाळा सरला की. उन्हाळा सरला. पाऊस आला नाही आणि मुदखेडहून कोणी आलं नाही.

पोरगं भिंत धरून उभं राहायला लागलं आणि एका सकाळी त्याचा उजवा गुडघा सुजला. माझाही उजवाच. मी त्याला माझ्या पसरलेल्या पायावर घेऊन बर्फाची पुरचुंडी बांधत होतो, तेव्हा दारात दाजी उभे राहिले. रात्रपाळी करून थेट निघाले होते, अंगात रेल्वेचा मळका सदरा. ते उंबऱ्याच्या आत आले नाहीत. माझ्या हातांकडे बघत राहिले.

मी मनात केवढं भाषण तयार करून ठेवलं होतं. त्यातला पहिला शब्द तोंडात आला होता.

"अण्णा," ते म्हणाले, "ते कसं बांधता ते मलाबी दाखवा. तिकडं मलाच करावं लागंल की."

भाषण राहिलं. मी पट्टी सोडली आणि पहिल्यापासून बांधून दाखवली. मग त्यांना आत बोलावून माझ्या गुडघ्यावर बांधायला लावली. त्यांनी ती फार सैल बांधली, मी खेकसलो, त्यांनी परत बांधली. अव्वा चुलीकडे तोंड करून बसली होती. धाकटी दाराला टेकून उभी होती, तिचे डोळे भरले होते आणि ती ते पुसत नव्हती.

मग दाजींनी खिशातून रुमालाची गाठ काढली. "आईनं दिलंय," ते म्हणाले. "म्हणाली, घालून ये म्हणावं. दुसरं कायबी म्हणाली न्हाई."

गाठीत चमकी होती. धाकटी भिंतीवरच्या आरशासमोर गेली. तार लावून बघितली, फिरवून बघितली. आत जाईना.

"भोक बुजलंय," ती म्हणाली.

"सोनाराकडं जाऊ मग," दाजी म्हणाले.

"कशाला?" असं म्हणून तिनं डोळे मिटले आणि तार स्वतःच आरपार दाबली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, नाकातून दोन थेंब आले. आणि आम्ही सगळे, दाजी, अव्वा, मी, पुन्हा एकदा श्वास धरून तिच्या नाकाकडे बघत राहिलो. सवयच लागली होती घराला.

"थांबलं," अव्वा म्हणाली.

"माझं थांबतंच की गं," धाकटी म्हणाली. तिनं बोटानं नाक पुसलं, खाली वाकली आणि पोराला माझ्या मांडीवरून उचलून घेतलं, काखेत हात न घालता, खालून, दोन्ही तळव्यांवर.